कुंभकोणमची शेपटं

गुरांच्या दवाखान्यात किस्से गोचिडांसारखे चिकटतात. कधी चिकटले ते कळत नाही, घरी येऊन सदरा काढला की सापडतात. माझ्याकडे बैलांचे आहेत, म्हशींचे आहेत, देवळाच्या हत्तीचाही एक आहे. पण मित्रमंडळी जमली की म्हणतात, "ते राहू दे, शेपटांचं सांग."

आमचं घराणं तंजावरच्या मराठी राजांच्या पागेतलं. पणजोबा घोड्यांची नाडी पाहायचे. इंग्रजांनी राज्य खालसा केलं, घोडे लिलावात गेले आणि आमच्या घरात उरलं ते फक्त जनावराला हात लावायचं धाडस. त्या भांडवलावर मी मद्रासला जाऊन व्हेटर्नरीचं शिकलो आणि कुंभकोणमच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर झालो. सरकारच्या लेखी जनावर म्हणजे बैल, कारण बैल नांगर ओढतो आणि नांगरामागून शेतसारा येतो. कुत्र्यामागून फक्त शेपूट येतं. त्यामुळे कुत्र्यांचं काम मी आणि माझा कंपाउंडर सिंगारम असे दोघे बैलांतून वेळ काढून करायचो.

*

पहिलं शेपूट हनुमंतरावांच्या घरचं. हनुमंतराव म्हणजे निवृत्त मुन्सफ, आमच्याच मराठी लोकांतले. कोर्टातून निवृत्त झाले तरी घरात कोर्ट चालूच होतं. ते ओसरीवर आले की सुना स्वयंपाकघरात जायच्या आणि स्वयंपाकघरात आले की परसात.

एक दिवस त्यांचा निरोप आला, घरावर कोणीतरी करणी केली आहे. मी म्हटलं, मी गुरांचा डॉक्टर. निरोप्या म्हणाला, मांत्रिक येऊन गेला, तुम्हीच राहिलात.

गेलो. आमच्याकडची घरं आगगाडीसारखी असतात, पुढच्या दारातून मागच्या दारापर्यंत एक लांब बोळ. त्या बोळाच्या दोन्ही भिंतींवर गुडघ्याच्या उंचीला रक्ताचे शिंतोडे होते. मुन्सफांच्या पत्नी सेतुबाई हात जोडून म्हणाल्या, "बापू, रोज सकाळीं पुसतें, सांजेस पुन्हां दिसतें. कोणाचें रक्त, कळत नाहीं."

इतक्यात आतून त्यांचा राजा धावत आला. बारीक केसांचा, तगडा, चाबकासारख्या शेपटाचा कुत्रा. पाहुणा आला म्हणून त्याला इतका आनंद झाला की सगळं अंग हलायला लागलं. शेपूट डाव्या भिंतीवर फटकन, उजव्या भिंतीवर फटकन. माझ्या पांढऱ्या धोतरावरही करणी झाली.

शेपटाचं टोक फुटलं होतं. अशा कुत्र्यांचं हे नेहमीचं दुखणं. टोकाला मांस कमी, कातडी पातळ, आणि हलवायचा जोर दांडगा. जखम भरत आली की कुत्र्याला आनंद होतो आणि ती पुन्हा फुटते. मी परमँगनेटच्या पाण्यानं धुतलं, कापूस ठेवून सैल पट्टी बांधली. आवळून बांधली तर टोक मरतं, हे सगळ्यांना बजावलं. मग म्हणालो, भरून येईपर्यंत ह्याला भिंतीजवळ आनंद होता कामा नये. पाहिल्यावर शेपूट हलणार नाही अशा कोणापाशी तरी बांधून ठेवा.

सेतुबाईंनी पदर सावरला आणि ओसरीकडे पाहून म्हणाल्या, "मग ह्यांच्यापाशींच बांधतें."

जखम पंधरवड्यात कोरडी झाली. अशी लवकर बरी झालेली दुसरी मी पाहिली नाही.

*

तिरुविडैमरुदूरचे एक मिरासदार होते. जमीन भरपूर, आणि आता फक्त सरकारी किताब मिळायचा राहिला होता. त्यांनी छकड्यातून एक छानसा कुत्रा आणला. मी शेपटाच्या मुळापासून टोकापर्यंत मणका-मणका चाचपला. कुठे सूज नाही, कुठे दुखत नाही, टोकाला चिमटा घेतला तर ओढून घेतो. मी विचारलं, ह्याला झालंय काय?

काहीच नाही, म्हणाले. साहेबलोकांच्या टेरियरचं शेपूट कापलेलं असतं, तसं ह्याचं कापून द्या. येत्या महिन्यात कलेक्टरसाहेब घरी चहाला येणार आहेत.

धडधाकट शेपूट मी कापत नाही, असं सांगून पाहिलं. ऐकेनात. शास्त्र सांगून पाहिलं, की कुत्र्याचं अर्धं बोलणं शेपटातून होतं. तेही पटेना. शेवटी मी म्हटलं, "साहेब फाटकातून आत येतील तेव्हा ह्यानं काय हलवायचं?"

मिरासदार विचारात पडले. आपल्या कुत्र्याकडे त्यांनी नव्यानंच पाहिलं. मग त्याला उचलून छकड्यात ठेवलं आणि घरी पोचेपर्यंत शेपटाला धक्का लागू देऊ नकोस, असं गाडीवानाला बजावलं.

*

पुण्याकडचे एक मराठी गृहस्थ एकदा आमच्या दवाखान्याच्या तपासणीला आले. मद्रास इलाख्यात अचानक मराठी डॉक्टर भेटला म्हणून फार खूश झाले. माझ्या बोलण्यातलं एकेक वाक्य थांबवून सुधारू लागले. तुमची मराठी बखरीतली आहे, म्हणाले. आमच्या लोकांनी ती दोनअडीचशे वर्षांपूर्वी बरोबर आणली आणि वर तमिळचं पाणी घातलं, त्याला माझा इलाज नव्हता.

मी मागच्या गोठ्यात बैल बघायला गेलो तेव्हा ते माझ्या खुर्चीवर बसले होते. दारात एक शेतकरी आला. कुत्रा त्यानं बाहेर चिंचेला बांधला होता. आता तमिळमध्ये कुत्र्याला म्हणतात नाय आणि शेपटाला म्हणतात वाल. तपासणीसाहेबांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी हातवारे करून मराठीत विचारलं, जनावर आणलंय का? शेतकरी म्हणाला, "नाय." मग काय आणलंय? तो म्हणाला, "वाल."

मी परत आलो तर साहेब मला सांगतात, गरीब माणूस आहे, जनावर नाही, तुमच्यासाठी घरचे वाल घेऊन आलाय, घ्या, बिरडं होईल.

मी बाहेर जाऊन पाहिलं. दुसरा कुत्रा चावल्यानं शेपटाच्या मध्यावर गळू झालं होतं, हाताला गरम लागत होतं. आत येऊन हात धुता धुता, आमच्या घरी बोलतो तसंच बोलून गेलो, "वाल चांगलाच सुजलाय, फोडावा लागेल."

साहेब मान हलवत म्हणाले, "सुजलाय नव्हे, डॉक्टर. भिजलाय म्हणावं. आणि फोडावा नव्हे, सोलावा."

*

इन्नंबूरच्या देवळातल्या पुजाऱ्यांचा, म्हणजे गुरुक्कळांचा, भैरवन नावाचा कुत्रा होता. तो पहाटे त्यांच्याबरोबर देवळात जायचा आणि दाराबाहेर बसून राहायचा. गुरुक्कळांना मूलबाळ नव्हतं. ते कुत्र्याशी जितकं बोलत तितकं देवाशीही बोलत नसत, असं गावातले लोक म्हणायचे.

भाताच्या गाडीचं चाक भैरवनच्या शेपटावरून गेलं. गुरुक्कळांनी हळद लावली, पाला बांधला आणि बरेच दिवस वाट पाहिली. माझ्याकडे आणलं तेव्हा टोक काळं आणि थंड पडलं होतं. सुई टोचली तरी भैरवन माझ्याकडे प्रेमानं पाहत राहिला. शेपटाचं ते लक्षण वाईट. मी सांगितलं, मेलेला भाग आजच काढायचा, नाहीतर सडणं वर चढेल आणि कुत्रा हातचा जाईल.

गुरुक्कळांनी डोळे पुसले, कनवटीचं पंचांग काढलं. आज अष्टमी, अशुभ, म्हणाले. उद्या नवमी, तीही तशीच. परवा सकाळी राहुकाळ, दुपारी यमगंड. त्याच्या पुढच्या दिवशी उत्तम मुहूर्त आहे.

सिंगारमनं माझ्याकडे पाहिलं. मी भैरवनचं शेपूट हातात धरून गुरुक्कळांना बोटानं दाखवलं, की आज इथे कापावं लागेल, अष्टमी टळली तर इथे, नवमी टळली तर इथे, आणि उत्तम मुहूर्तावर इथे. शेवटचं बोट कमरेवर टेकलं.

गुरुक्कळांनी पंचांग मिटलं. मग माझा हात धरून हळूच म्हणाले, "कापा. देवाला मी समजावतो."

भैरवन आखूड शेपटानं पुढे कितीतरी वर्षं देवळाच्या दारात बसला. गुरुक्कळ नंतर लोकांना सांगायचे, की त्या दिवसाची अष्टमी डॉक्टरांनी सुरी उचलेपर्यंत संपली होती.

*

आता इंजिनियरसाहेबांच्या ब्रूनोचं. कालव्यांवर देखरेख करणारे एक इंग्रज इंजिनियर नदीकाठच्या बंगल्यात राहायचे. ब्रूनो हा त्यांचा काळा, लांब केसांचा, पाण्यासाठी वेडा कुत्रा. बंगल्यावर मुनियन नावाचा माळी होता. ब्रूनोला नदीवर न्यायचं, पोहवायचं, पुसायचं हे मुनियनचं काम. साहेब फक्त त्याला हाक मारायचे.

आषाढात कावेरीला नवं पाणी आलं. गढूळ, थंडगार, ओढीचं. ब्रूनो आणि मुनियन सकाळभर त्यात पोहले. संध्याकाळी साहेब घरी आले तर ब्रूनोचं शेपूट वर येईना. मुळाशी बोटभर सरळ आणि पुढे ओल्या दोरीसारखं खाली.

ते चळवळीचे दिवस होते. विलायती कापडाच्या होळ्या चालल्या होत्या. साहेबांना शेपटात पाणी दिसलं नाही, बंड दिसलं. सरकारच्या कुत्र्याचं शेपूट कोणीतरी मोडलं, अशी त्यांनी पोलिसांत तक्रार दिली. पोलिसांनी त्याच दिवशी मुनियनला नेलं, कारण शेवटी कुत्र्याबरोबर तोच होता.

मला बोलावलं ते दोन दिवसांनी, मोडल्याचा दाखला द्यायला. बंगल्यावर फौजदार हजर होता. मी ब्रूनोला उभं केलं. मणका-मणका दाबला. कुठे हाड सरकलेलं नाही, कुठे करकर नाही. मुळाशी बोट लावलं तेव्हा मात्र कण्हला, तिथे थोडी सूज होती आणि केस उभे होते. टोकाला चिमटा कळत होता. लघवी नीट होत होती, म्हणजे नसा शाबूत. मी सांगितलं, थंड पाण्यात जास्त पोहल्यानं शेपटाचे स्नायू आखडलेत. कोरड्यात झोपवा, गरम फडक्यानं शेका, आठवड्यात आपोआप उभं राहील. मोडलेलं नाही.

फौजदारानं मला व्हरांड्यात बाजूला घेतलं. वाईट माणूस नव्हता, अडचणीत होता. मुनियननं कबुली दिली होती. बाभळीच्या दांडक्यानं, चळवळवाल्यांच्या चिथावणीवरून, दोन ठिकाणी मोडलं, असा जबाब होऊन वर गेला होता. दांडकंही जप्त झालं होतं.

मी म्हटलं, पण मोडलेलंच नाही.

त्यानं खिडकीतून ब्रूनोकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून मला विचारलं, "डॉक्टर, आता मोडता येईल का?"

मी दाखला दिला नाही. खटला तरीही उभा राहिला, कारण जबाब वर गेलेला होता आणि खाली यायची पद्धत नव्हती. तुरुंगात मुनियनला भेटायला मी गेलो. त्याच्या पाठीवरचे वळ मी पाहिले, त्यानं ते झाकले. मी समजावलं, तू पोहवलंस, मोडलं नाहीस, कोर्टात तेवढंच सांग. तो म्हणाला, आता बदललं तर पुन्हा कोठडीत घेतील. ब्रूनो जेवतो का, एवढंच त्यानं विचारलं. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

कोर्टात पुरावा म्हणून ब्रूनोला आणलं. आठवड्यावर कितीतरी दिवस उलटून गेले होते, शेकून झालं होतं, मुळाची सूज उतरली होती, तरी शेपूट खालीच. सरकारी वकिलानं मला विचारलं, आठवड्यात उभं राहील म्हणालात ना? राहिलंय का? मला मान खाली घालून नाही म्हणावं लागलं. साहेब पुढच्या बाकावर समाधानानं बसले होते. सरकारी वकिलानं ते लोंबतं शेपूट उचलून मॅजिस्ट्रेटना दाखवलं, सोडलं, पुन्हा खाली पडलं.

मग मुनियनला आत आणलं.

मॅजिस्ट्रेटनं त्याला सोडून दिलं, हे नंतरचं. त्याआधी जे झालं ते मी पिंजऱ्याच्या बाजूलाच उभा होतो म्हणून ऐकलं. ब्रूनोनं मुनियनला पाहिलं आणि शेपूट उभं राहिलं. नुसतं उभं नाही, पिंजऱ्याच्या लाकडावर दाणदाण आपटायला लागलं. साहेब अर्धे उठून उभे. मुनियन घाबराघुबरा होऊन खाली वाकला, बेड्यांच्या हातांनी ते शेपूट धरायला गेला आणि कुत्र्याच्या कानाशी म्हणाला, "हलवू नकोस रे बाळा. मी मोडलंय म्हणून सांगितलंय."