डाव्या हाताचा आधार

त्या दिवसांत आमच्या घरात सगळेच हळू बोलायचे. माझ्या यजमानांच्या हृदयाची एक झडप निकामी होत चालली होती. मुंबईच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं, तारीखही दिली होती, आणि हे आरामखुर्चीत बसून शांतपणे म्हणत होते की गावच्या देवाचा प्रसाद मिळाल्याशिवाय मी कुठेही जाणार नाही. प्रसाद म्हणजे कौल. आमच्या पेडण्याकडे देवाच्या पाषाणाला फुलांच्या पाकळ्या पाण्याने चिकटवतात आणि गुरव गाऱ्हाणं घालून देवाला विचारतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. डिचोलीत घर करून आम्हाला वीस वर्षं झाली होती, पण सासरचा देव पेडण्यातच राहिला होता. मी सरकारी इस्पितळात वरिष्ठ ऑक्युपेशनल थेरपिस्ट. अंगावरून वारं गेलेल्या माणसांच्या हाताबोटांना पुन्हा रोजच्या कामाची सवय लावायची, हे माझं काम. शिकलेली, मुंबईत परीक्षा दिलेली बाई मी, आणि माझ्या नवऱ्याचा जीव एका पाकळीवर सोडायचा? मी चिडले, रडले, दोन दिवस अबोला धरला. नकार आला तर हे ऑपरेशनला जाणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. हा माणूस बोलतो कमी, पण बोललेलं बदलत नाही.

शेवटी एका सोमवारी सकाळी आम्ही तिघं निघालो, हे, सासूबाई आणि मी. म्हापशाला बस बदलली. गोवा राज्य होऊन काही वर्षं झाली होती, पण कोकणी-मराठीच्या वादात भिंतींवर रंगवलेली अक्षरं अजून पुरती पुसली गेली नव्हती. ती वाचत मी खिडकीशी बसले होते. तुये गावाच्या पुढे उतरून देवळात पोहोचेपर्यंत यांना दोनदा बसावं लागलं. देवळाच्या चौकात पाच-सहा माणसं होती. गर्भकुडीतून, म्हणजे गाभाऱ्यातून, गुरव बाहेर आला, यांच्याशी बोलला, मग त्याची नजर माझ्यावर गेली. मी त्याला ओळखत होते, फक्त तो या देवळाचा गुरव आहे हे ठाऊक नव्हतं. दीड वर्षापूर्वी त्याचे उपचार मीच बंद केले होते.

ते आता सगळं सांगायला हवं, नाहीतर पुढच्याला काही अर्थ राहणार नाही. साठीच्या आसपासचा हा माणूस, उजव्या अंगावरून वारं गेलेलं. पाय बऱ्यापैकी सुधारला होता, हात मात्र खांद्यापासून लोंबत होता. आठवड्यातून तीनदा बायकोला घेऊन दोन बसा बदलून तो माझ्याकडे यायचा. मी त्याचा हात तपासला आणि मनाशी ठरवून टाकलं की हा हात काही परत येत नाही. मग आमच्या शास्त्राप्रमाणे डाव्या हाताला तयार करायचं. डाव्या हाताने जेवणं, शर्टाची बटणं लावणं, दाढी करणं. तो निमूटपणे बसायचा, पण डावा हात मांडीवरून उचलायचा नाही. बटणांची फळी पुढे ठेवली की उजव्या हाताकडे बघत राहायचा. महिनाभर मी बोलून पाहिलं, मग आवाज चढवला. तेव्हा एकदाच तो बोलला.

"बाये, ह्या हातान देवाक शिवूंक जायना."

देवाचं सगळं उजव्या हाताने करायचं असतं, हे मला का ठाऊक नव्हतं? मी स्वतः तुळशीला कधी डाव्या हाताने फूल वाहिलेलं नाही. पण त्या दिवशी माझ्यापुढे दोन विद्यार्थिनी उभ्या होत्या आणि मला त्यांच्यासमोर हुशारी दाखवायची होती. मी म्हटलं, देव भाव बघतो हो, हात बघत नाही. तुमच्या देवाला डावं-उजवं कळत असतं तर त्याने नेमका उजवाच हात कशाला नेला असता? पोरी हसल्या. मीही हसले. तो हसला नाही, आणि त्याची बायको जमिनीकडे बघत राहिली. त्याच संध्याकाळी मी त्याच्या कागदावर लिहिलं की रुग्ण सहकार्य करत नाही, उपचार थांबवत आहे. शेवटच्या दिवशी त्याच्या बायकोने घरच्या केळ्यांचा एक घड माझ्या टेबलावर ठेवला. मी तो घरी नेला आणि आम्ही ती केळी खाल्ली. गोड होती. या एका गोष्टीची मला आजही इतकी लाज वाटते की काय सांगू. उपचार थांबवण्याला निदान कामाचा बहाणा तरी आहे.

आता तोच माणूस माझ्यापुढे सोवळं नेसून उभा होता आणि त्याच्या तोंडून माझ्या नवऱ्यासाठी गाऱ्हाणं निघायचं होतं. त्याने मला ओळखलं हे मी पाहिलं, पण ओळख दाखवली नाही. यजमानांनी आजार सांगितला, ऑपरेशनचं सांगितलं. ते ऐकताना त्याचा चेहरा उतरला आणि माझ्या मनात जे आलं तेही लिहून टाकते. मला वाटलं, आता हा सूड घेणार. डावी पाकळी जरा कमी पाण्याने लावायची, एवढंच तर करायचं होतं त्याला. देवाच्या दारात उभी राहून मी एका गरीब माणसाबद्दल हा विचार केला. खरं तर मी त्याच्या जागी असते तर काय केलं असतं, तेच मला दिसत होतं.

तो गर्भकुडीत गेला. आम्ही उंबरठ्याबाहेर उभे राहिलो. पाकळी त्याने उजव्या हाताने उचलली. तो हात हलत होता, बोटं मिटत होती. माझा विश्वास बसेना. नंतर कळलं की घरी विहिरीजवळच्या ओल्या दगडावर तो रोज पाकळ्या लावत बसायचा, महिनेच्या महिने. हात उशिरा सुधारतात, आमच्या पुस्तकांत तशी उदाहरणं आहेत, तेव्हा यात चमत्कार होता असं मी म्हणणार नाही. पण ते काम त्याला मी द्यायला हवं होतं. मी मात्र त्याच्यापुढे बटणांची फळी ठेवली होती.

हात हलत होता खरा, पण कापत फार होता. पाषाणापर्यंत नेली की पाकळी बोटांतून निसटायची. एकदा पडली, दुसऱ्यांदा पडली. लावतानाच पडलेली मोजत नाहीत, पुन्हा लावायची. तिसऱ्यांदा पडली तेव्हा चौकात कुजबुज सुरू झाली. त्याचा चुलतभाऊ खांबाशी उभा होता. तो पुढे येऊन म्हणाला की मी लावतो, तू बस. देवाच्या सेवेची पाळी याची होती, आणि आज एवढ्या माणसांसमोर तो उठला असता तर पुन्हा त्याला कुणी पाकळी लावू दिली नसती. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, कारण हातातलं काम गेलेली माणसं मी रोज बघत होते. मला दिसत होतं की त्याच्या कोपराला काही आधार नाही, खांद्यापासूनचा सगळा भार तो बोटांवर घेतोय. इस्पितळात असते तर मी त्याच्या कोपराखाली माझा तळवा धरला असता. पण मला उंबरठा ओलांडता येत नव्हता, आणि तोंड उघडायचा हक्क मी केव्हाच घालवला होता.

गुरव मागे वळला आणि सरळ माझ्याकडे बघून म्हणाला, "बाये, तूं शिकयतालीस न्हय? सांग, हात कसो धरूं?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, "डाव्या हातान देवाक शिवूं नकात. तो उजव्याच्या कोपराक लावात." मानाने कुणाला काही देताना आपण लावतो, तसाच. ही रीत मी लहानपणापासून पाळत आले होते. सुपारी देताना, ओटी भरताना माझा डावा हात आपसूक उजव्या कोपराला जातो. आणि त्याचा डावा हात मी उजव्याच्या जागी बसवायला निघाले होते, उजव्याच्या आधाराला लावायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याने कोपर डाव्या तळव्यावर टेकलं. कापरं थांबलं नाही, पण कमी झालं. पाकळी पाषाणाला लागली. मग दुसरी. मग त्याने गाऱ्हाणं घातलं, यजमानांचं नाव, घराणं, आजार, सगळं नीट, एक शब्द न गाळता. माझंही नाव घेतलं, आणि ते घेताना त्याचा आवाज अडखळला.

किती वेळ गेला सांगता येत नाही. सासूबाई हात जोडून पुटपुटत होत्या. मी काहीही मागू शकले नाही. एवढंच मनात म्हणत होते की देवा, तुला जे करायचं ते कर, फक्त माझ्या लायकीप्रमाणे करू नकोस. उजवीकडची पाकळी सुटली आणि खाली आली. यांनी एक मोठा श्वास सोडला आणि सासूबाईंना म्हणाले, चला, मुंबईची तिकिटं काढायला हवीत.

निघताना मी मागे थांबले. गुरव चौकाच्या पायरीवर बसला होता, घामाने भिजलेला. मी त्याच्यासमोर खाली बसले आणि म्हटलं की माझं चुकलं, मला क्षमा करा. त्याने नजर वळवली. मला वाटलं, रागावलाय. मग हलक्या आवाजात, लाजल्यासारखा बोलू लागला.

"वर्सभर हांवें ह्याच देवामुखार तुजें नांव घेवन गाऱ्हाणें घातलां, बाये. तुजें बरें जावंचें न्हय म्हूण. आज तुज्या घोवाचें दुयेंस आयकलें आनी म्हजो हात चडच कांपलो. म्हजें आयकलें काय ताणें, म्हूण भियेलों."

म्हणजे यांच्या आजाराचं ऐकल्यापासून तो हात नुसत्या दुखण्याने नाही, आपल्याच शापाच्या भीतीने कापत होता. मी त्याच्यावर सुडाचा संशय घेत असताना तो आतमध्ये आपलं जुनं मागणं परत घेत होता. त्याने उपरण्याने तोंड पुसलं.

"आयकूंक ना ताणें," तो म्हणाला. "उपकार ताचे."

ऑपरेशन झालं, हे बरे झाले, आज आमच्या नातवाला रागे भरण्याइतके ठणठणीत आहेत. त्याचं श्रेय डॉक्टरांना द्यावं की देवाला, या वादात मी पडत नाही. त्यानंतर नवा रुग्ण आला की आधी विचारते, या हाताने तुम्ही काय करत होता, आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलत नाही. पूर्वी देवापुढे उभी राहिले की माझी मागण्यांची यादी तयार असायची आणि एखादी पुरी झाली नाही तर मी रुसायची. आता हात जोडते आणि गप्प राहते. एका दुखावलेल्या माणसाने वर्षभर मनापासून मागितलेलं त्याने ऐकलं नाही, म्हणून माझं घर उभं आहे. आजवर मीही रागाच्या भरात कुणाकुणाबद्दल काय काय मागितलं असेल, आणि ते न ऐकून त्याने किती घरं राखली असतील, ते त्यालाच माहीत.