तंजावूरचं शिजवलेलं केळं

आता मी कुठंही पाहुणा गेलो की पान मांडायच्या आधी सांगतो, पिकलं फळ तसंच चालत नाही, शिजवून द्या. हे सांगायला मला म्हातारपण यावं लागलं. शिकवलं माझ्या विहीणबाईंनी.

मी चौथी शिकलेला गवंडी. आमच्याकडं गाजर गवत फुललं की मला शिंका लागतात, आणि केळं किंवा फणसाचा गरा खाल्ला की टाळू खाजते, ओठ जड होतात. तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, दोन्हीचं मूळ एकच, फुलोऱ्याची धूळ. घसा आवळला किंवा दम लागला तर घरी थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. मी कुणाला बोललो नाही. जन्मभर दगड घडवलेला माणूस केळ्याला भितो, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

मुलगी तंजावुरात दिलेली. राजवाड्यामागच्या गल्लीतलं मराठी घर, पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच. गेल्या साली नातीच्या उष्टावणाला गेलो. मुलीला भाऊ नाही, म्हणून मामाचा मान मला. त्या घरची रीत अशी की भरवणाऱ्यानं त्याच वाटीतलं आधी स्वतः चाखायचं. आणि वाटीत काय, तर कुस्करलेलं केळं आणि तूप.

पहिल्या दिवशी विहीणबाईंनी फणसाचे गरे पुढं ठेवले. म्हणालो, आवडत नाहीत. दुसऱ्या सकाळी केळी आली. म्हणालो, पोट भरलंय. मुलीनं आत बोलावलं. "अप्पा, सासूबाई विचारतायत, आमच्या घरचं चालत नाही का तुम्हाला?"

तिरीमिरीत बाहेर आलो आणि अख्खं केळं खाल्लं.

विहीणबाई कॉफी ओतत होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "व्याही, ओठ सुजला."

"उन्हानं."

"उन्हानं खालचाच सुजतो होय?"

मग सांगावंच लागलं. त्यांनी आधी विचारलं, श्वास नीट आहे का, गिळता येतंय का. चूळ भरायला लावली, दारात रिक्षा उभी करून ठेवली आणि सूज उतरेपर्यंत माझ्यासमोरून हलल्या नाहीत.

"आणि परवा वाटीतलं काय करणार होता?"

"खाणार होतो."

"नातीसमोर आडवं पडून. शाबास."

उष्टावणाचा मान सोडायला जीव तयार नव्हता, हे त्यांना दिसलं असावं. म्हणाल्या, "सत्यनारायणाचा शिरा खाता?"

"लहानपणापासून."

"कधी खाज सुटली?"

नाही सुटली. आणि त्यात केळं असतंच की, रव्याबरोबर शिजलेलं. इतकी वर्षं खाल्लं, पण डोक्यात आलं नव्हतं.

मुलीनं लगेच आमच्या तालुक्याच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, शिजवलेलं आजवर सोसलंय तर हरकत नाही, पण आधी हरभऱ्याएवढं खाऊन बघा, ॲलर्जीच्या गोळ्या जवळ ठेवा, फणसाच्या वाटेला जाऊ नका. दुसऱ्या दुपारी विहीणबाईंनी इडलीच्या भांड्यात सालीसकट केळी चांगली मऊ वाफवली. एक बारका तुकडा मला दिला आणि तासभर भाजी निवडत समोर बसून राहिल्या. काही झालं नाही.

उष्टावणाच्या दिवशी त्यांचे मोठे दीर कुरकुरले, केळं शिजवायची आपली रीत नाही.

"रीत आधी चाखायची आहे," विहीणबाई म्हणाल्या. "चाखणारा धड नको?"

दीर हसले. मी चाखलं. मग दुसऱ्या चमच्यानं नातीच्या ओठाला लावलं. तिनं तोंड वेडंवाकडं केलं, विचार केला आणि गिळलं. माझे डोळे भरून आले. सगळ्यांदेखत विहीणबाईंना म्हणालो, "तुमचे फार उपकार झाले." असं मी कधी कुणाला म्हटलं नव्हतं.

"परवाइल्ला," त्या म्हणाल्या, असू द्या अशा अर्थानं. "तिच्याकडं बघा आधी. तोंड उघडून बसली आहे."