पाऱ्याची पिंड

माझा उजवा हात थरथरायला लागला तेव्हा लेकीनं पुण्याहून फोनवरच निकाल देऊन टाकला. "आई, बास झालं एकटं राहणं. सामान बांध, मी न्यायला येते." मी म्हटलं, न्यायला मी काय पोतं आहे? उज्जैनच्या फ्रीगंजमधलं हे घर यांनी बँकेत असताना बांधलं. हे गेले, पण घर आहे ना! मला इथंच राहायचं होतं, आणि नेमका हातानंच दगा दिला. चहा बशीत सांडायचा. झोप उडाली होती, तोंडाला सारखी धातूची चव, आणि राग तर असा की दूधवाल्यानं घंटी दुसऱ्यांदा वाजवली तरी मी त्याच्या अंगावर धावून जायची.

रोज संध्याकाळी लेकीचा व्हिडिओ कॉल. "आई, हात दाखव." मी डावा दाखवायची. "उजवा!" ती ओरडायची. अगदी बापावर गेलीये.

शेवटी टावर चौकातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. तरुण पोरगी. वाटलं, ही काय सांगणार, म्हातारपण म्हणेल. तिनं कागदावर गोल काढायला लावला. माझा गोल म्हणजे उंदरानं कुरतडलेली भाकरी. मग तिचं लक्ष माझ्या अंगठ्यातल्या अंगठीकडे गेलं; कडेला थोडं सोनं अजून दिसत होतं. "माताजी, ये अंगूठी सफेद कैसे हो गई?"

ती यांची सोन्याची अंगठी. रिटायर झाल्यावर यांनी देवळाजवळच्या एका दुकानातून पाऱ्याची पिंड, म्हणजे पारा घट्ट करून केलेलं शिवलिंग, आणली होती. आमच्या उज्जैनला पारद शिवलिंगाची भारी हौस. रोज सकाळी दूध-दह्याचा अभिषेक करायचा आणि ते तीर्थ दोघांनी वाटून प्यायचं. हे गेल्यावर मी यांच्या वाटचंही प्यायला लागले. तीर्थ आहे, फेकायचं कसं? अंगठी पिंडीपाशीच, समईजवळ ठेवली होती. एक दिवस बघते तर पांढरी! मला वाटलं, महाकालानं हात फिरवला. त्या दिवसापासून ती अंगठ्यात घालायला लागले. कोणाला सांगितलं नाही. सांगायला होतं तरी कोण?

डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं. "और आप वो पानी पीती हैं?"

"तीर्थ," मी तिला सुधारलं.

मग तिनं नीट समजावलं. पारा सोन्याला धरतो, म्हणून अंगठी पांढरी. समईच्या उबेनं त्याची वाफ होते. तिला रंग नाही, वास नाही, बंद खोलीत आपण ती श्वासाबरोबर आत घेत राहतो. अभिषेकाच्या पाण्यातही तो उतरतो. हात, झोप, हिरड्या, किडनी, सगळ्यांना त्रास देतो. स्वभाव चिडका होतो. "तो तर जन्मापासूनचा आहे," मी म्हटलं. ती हसली नाही.

रक्तात अलीकडचं कळतं, लघवीत साठलेलं, म्हणून दोन्ही तपासायचं ठरलं. एका दिवसरात्रीची सगळी लघवी कॅनमध्ये जमा करायची. तो कॅन पिशवीत घालून मांडीवर धरून ऑटोत बसले. ऑटोवाला म्हणाला, "माताजी, गंगाजल है क्या?" मी म्हटलं, "हाँ भैया, सँभाल के चलाओ."

रिपोर्ट बाहेरगावाहून आला. पारा मर्यादेच्या कितीतरी वर. आणि मी वेडी, खूश झाले! म्हातारपण नाही, कंपवात नाही. पारा घरातून गेला की हात सुधारेल, मला घर सोडावं लागणार नाही.

घरी आले, देवघरातली पिंड बघितली आणि सगळा आनंद ओसरला.

ठरवलं, क्षिप्रेत विसर्जन करू. सगळे तसंच करतात. डॉक्टरीण फोनवर ओरडलीच: नदीत अजिबात नाही! पारा माशांत जाईल, माशांतून माणसांत. निदान अंगठी तरी सोनाराकडून तापवून पुन्हा पिवळी करून घेऊ का, विचारलं. म्हणाली, तापवली की तीच वाफ सोनाराच्या छातीत जाणार. शेवटी पिंड आणि अंगठी जाड काचेच्या बरणीत घालून झाकण घट्ट लावलं, आणि असला विषारी कचरा नेणाऱ्या माणसांच्या हवाली केली. गाडी वळेपर्यंत फाटकात उभी होते. मग आत येऊन ढसाढसा रडले. या घरात यांच्या हातचं तेवढंच मी रोज हाताळत होते हो!

नंतर सकाळी उठायचं तरी कशाला, हेच कळेना. हाताची थरथर मात्र हळूहळू थांबली. दुसऱ्या तपासणीत पारा उतरलेला निघाला. लेकीला हात दाखवला. "वा, आई! मग राहा तू तिकडेच. आता मला टेन्शन नाही."

रोजचा फोन रविवारचा झाला. मग रविवारचाही घाईघाईत. पुण्याला ये, असं आता कोणी म्हणत नाही. घर राहिलं माझं, पण भांडायलासुद्धा माणूस नाही. फार एकटं वाटतं, खोटं कशाला बोलू?

परवाच्या रविवारी ती फोन ठेवायला निघाली. तिनं हात विचारला नव्हता. मीच उजवा हात फोनसमोर धरला आणि मुद्दाम थोडा हलवला.

"आई! परत?" ती किंचाळली.

मी म्हटलं, "येतेस का बघायला?"