वीणा खाली ठेवत नाहीत

द्राक्षांचा हंगाम संपला, त्याच्याबरोबर त्या वर्षी मीही संपलो होतो. पिंपळगावच्या एका पॅकहाऊसमध्ये मी सुपरवायझर. माझ्या चुकीने एका शेतकऱ्याच्या मालावर दुसऱ्याच्या नावाची लेबलं लागली, तीही दुसऱ्यांदा. घरी बसलो की उठावंसं वाटे, उठलो की कशाला उठलो ते आठवेना. राजीनामा द्यायचं मनाशी पक्कं झालं होतं. देवाच्या बाबतीतही तेच. पोथी उघडायची आणि पान उलटेपर्यंत लक्ष भलतीकडे. असल्या माणसाचं देव तरी काय करणार, असं मला खरंच वाटायचं.

त्यात बायकोच्या माहेरी, निफाडजवळ, हरिनाम सप्ताह होता. "अहो, चला तरी. तिथे कुणी लेबलांचं विचारणार नाही," ती म्हणाली. गेलो. पारायणाला बसलो आणि थोड्याच वेळात चुळबुळ करत उठलो. बाकीचे मान खाली घालून वाचत होते. मी मंडपाच्या कडेने येरझाऱ्या घालत राहिलो, स्वतःवरच चिडत.

सप्ताह संपेपर्यंत वीणा जमिनीला टेकवत नाहीत. ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि ज्याचा पहारा असेल त्याने उभ्यानेच नाम घ्यायचं. त्या वेळी पहाऱ्यावर एक अनोळखी म्हातारे होते. ते चालत माझ्यापाशी आले आणि वाकून माझ्या पायाला हात लावला. वीणा देताना तशी रीत आहे, तरी मी दचकलो.

"घ्या माउली. साखर उतरली माझी, डोळ्यापुढं अंधारी येती."

"बाबा, मला नाही जमायचं. माझं चित्तच टिकत नाही."

"चित्ताचं इठ्ठल पाहील. पाय तर चालूच हायेत ना तुमचे? मघापासून पाहतोय. मग बसलेल्याला कशाला उठवू?"

मीही वाकलो, वीणा गळ्यात घेतली. मन पळायचं, तार छेडली की परत यायचं, पुन्हा पळायचं. कुणी रागावलं नाही. म्हातारे गूळ खाऊन खांबाला टेकले होते, डोळे मिटून, अगदी निवांत. पहारा अर्ध्यावर सोडल्याची त्यांना जराही लाज वाटत नव्हती, याचंच मला नवल वाटत राहिलं. नाम कुठे थांबलं होतं? मी मात्र पॅकहाऊसमध्ये कोसळेपर्यंत सगळं एकट्यानेच धरून बसलो होतो.

परत आल्यावर मालकांना सांगितलं, "लेबलांचं काम माझ्याच्यानं होत नाही. मला बागांवर फिरायचं काम द्या." ते म्हणाले, "हे सांगायला एवढे दिवस लागले?" बागांवरचं काम मिळालं, राजीनामा दिला नाही.

पुढे काही वर्षांनी नाशिकच्या एका डॉक्टरीणबाईंनी या चंचलपणाला नाव दिलं, एडीएचडी. तो मोठ्यांनाही असतो, हे मला तेव्हा कळलं. गोळ्या घेतो, उपयोग होतो. त्या बाबांची साखर नेमकी माझ्यासमोरच का उतरली, याचं कुतूहल मात्र अजून आहे. उत्तर नाही मिळालं तरी चालेल. पांडुरंगा, माझ्याच्यानं होत नाही, एवढंच सकाळी हात जोडून म्हणतो. आणि मग जेवढं होतं तेवढं करायला बाहेर पडतो.