ओल्या वाळूवरची दहा पावलं

आमच्या घाटावर डोंग्यात बसायचं तर आधी दहा पावलं चालून दाखवावी लागत. पाण्याच्या कडेची वाळू ओली असते, तिच्यावरून. डोंगा हाकणारा उमाजी ढिवर बाजूला उकिडवा बसून उमटलेली पावलं बघे आणि मग कोणी कुठं बसायचं ते हातानं दाखवी. टाच किती रुतली, चवडा किती, एवढ्यावरून त्याला माणसाचं वजन कळे, आणि ते शेर-दोन शेराच्या वर चुकत नसे. आकडा मात्र तो तोंडानं कधी बोलला नाही. चारचौघांत कोणाचं वजन सांगणं त्याला वाईट दिसे.

मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा त्याच्याशेजारी त्याची एकुलती लेक कुंता बसलेली असायची, नऊ-दहा वर्षांची. बापाचा डोळा तिच्यात पुरता उतरला होता, पण बापाची जीभ उतरली नव्हती. "मास्तरीनबाई, तुमी दसऱ्यापासून तीन शेर वाढल्या जी," असं तिनं मला भर घाटावर सांगितलं होतं. बाया हसल्या. मी रागावले खरी, पण घरी येऊन एक पोळी कमी खाल्ली.

ही कुंता पुढं आमच्या घाटाची घाटवाली झाली. कशी झाली ते मी पाहिलं आहे, म्हणून लिहिते.

त्रेपन्न सालच्या श्रावणात पुरातून वाहत आलेलं लाकूड ओढताना उमाजीचा खांदा निखळला. हाड बसलं, पण जोर गेला. आमच्या गावची रीत अशी, की डोंगा हाकायचा बांबू ज्या घराच्या हातात, घाट त्या घराचा. धान निघालं की घराघरातून त्या घराला सूप भरून धान जाई, आणि काठावरची झोपडीही त्याच घराची. उमाजीला मुलगा नव्हता. कुंताचा नवरा चैतू घरजावई, पण तो चिमूरकडचा, तळ्यात शिंगाडे लावणारा. थांबलेल्या पाण्यात तो सहज फिरे. वाहत्या पाण्यात त्याचा डोंगा जागच्या जागी गिरक्या घेई. गावचे पाटील गुणवंतराव म्हणाले की धान निघायच्या आत खालच्या गावचा मंगरू ढिवर आणून बसवू. मालगुजारी, म्हणजे गावची मालकी, जाऊन दोन वर्षं झाली होती, पण गुणवंतरावांच्या बोलण्यातून ती अजून गेली नव्हती.

उमाजीनं एवढंच मागितलं, की त्रिपुरी पुनवेला दरसालची मंडळी डोंग्यानं मार्कंड्याच्या महादेवाला जातात, ती या साली कुंतानं न्यावी. मग काय ते ठरवा.

"पोरीच्या हाती बांबू देऊन मार्कंड्याले पोचाचं, का सिधं वैकुंठाले?" पाटील म्हणाले. पण मार्कंड्याला वैनगंगा वळसा घेऊन उत्तरेला वाहते, तिथल्या कार्तिकस्नानाचं पुण्य त्यांनाही सोडवेना. ते तयार झाले.

आदल्या दिवशी कुंता माझ्याकडे पणत्यांसाठी तेल मागायला आली आणि ओट्यावर बसून राहिली. वाटेत शेवटी सासू आणि सून नावाचे दोन खडक लागतात, त्यांच्या मधून पाणी धावतं. उमाजी तिथं बांबू तळाला रोवून खांद्याच्या जोरावर डोंगा सावरी.

"बाकी नदी मले माहेरासारखी आहे, बाई," ती म्हणाली. "त्या सासूपाशीच हात थरथरते. बाबासारखा खांदा मी कुठून आणू?"

मी तिला तेल दिलं आणि देवापुढचं कुंकू लावलं. दुसरं माझ्याजवळ काय होतं?

निघालो त्या सकाळी आम्ही अकरा जण होतो. दोन डोंगे शेजारी बांधून वर बांबूचा तट्टा टाकलेला. सगळ्यांनी दहा पावलं चालून दाखवली. गुणवंतराव चालले नाहीत. "मी का बाजारातला बैल आहो, चालवून पाहाले?" असं म्हणून ते थेट पुढं जाऊन सतरंजीवर बसले. त्यांच्या बसण्यानं डोंगा किती दबला ते कुंतानं पाहिलं आणि मागच्या बाजूला तांदळाची दोन पोती सरकवली.

दोन्ही काठांना पांढरं कास फुललं होतं, त्यामागं बांबू आणि त्याच्या मागं साग. पाणी नितळ झालेलं. भगव्या रंगाची बदकं जोडीनं उडत आणि पुढं जाऊन पुन्हा आमची वाट बघत बसत. बायांनी ओव्या धरल्या. गुणवंतरावांच्या विधवा काकू, भागीरथाकाकू, फार सोवळ्याच्या. पण त्याही मांडीवर ताल धरत होत्या. मी पोथीचा अध्याय वाचायला घेतला, तर पाण्याकडे बघता बघता एकच ओवी तीनदा वाचली.

कुंता मात्र हसत नव्हती. डोंगा उजवीकडे लवत होता. थोडासाच, पण लवत होता. तिनं दोनदा माणसं हलवली, तरी तसंच. शेवटी ती बापाकडे वळली, की पावलं वाचण्यात मी कुठं चुकले? उमाजी मधोमध पाय दुमडून बसला होता. "मले नको विचारू," तो म्हणाला. "मी आता फक्त वजन आहो."

संध्याकाळी वाळूच्या बेटावर मुक्काम पडला. तीन दगडांच्या चुली पेटल्या, वांगी भाजली, भात शिजला. चैतूनं वाऱ्याच्या खालच्या अंगाला आपली चूल वेगळी मांडून मासे भाजले. भागीरथाकाकूंनी चार काठ्या रोवून लुगड्याचा आडोसा केला होता. त्याच्या आतून आवाज येऊ लागला, घर्र, घर्र. कुंता माझ्याशेजारी भांडी घासत होती. तिचा हात थांबला.

"पाटा," ती हळूच म्हणाली, आणि दिवसभरात पहिल्यांदा हसली. सकाळी गाठोडं काखेत घेऊन चाललेल्या काकूंची पावलं अंगाच्या मानानं खोल उमटली होती. कुंताला ते दिसलं होतं, पण गाठोड्यात काय आहे हे पाटलांच्या काकूंना विचारणार कसं? आपलाच डोळा चुकला असेल म्हणून तिनं काकूंना अंगाकडे बघून जागा दिली आणि दिवसभर झुरत राहिली.

सकाळी गोष्ट उघड झाली. पंधरा शेराचा काळा पाटा गाठोड्यातून निघाला, वरवंट्यासकट. काकू म्हणाल्या, लग्न झाल्यापासून दुसऱ्याच्या पाट्यावरची चटणी मी खाल्ली नाही, आता मरताना खाऊ? पाटील म्हणाले, गोटा इथंच वाळूत ठेवा. तशा काकू पाट्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, मग मलाही इथंच ठेवा. कुंतानंच वाद मिटवला. पाटा राहू द्या, फक्त डाव्या अंगाला ठेवा, म्हणाली. काकूंनी तो आपल्या हातांनी हलवला आणि डोंगा पाण्यावर सरळ झाला.

तिसऱ्या दिवशी दुपारी सासू-सून दिसू लागल्या. कुंतानं वरच्या बाजूला डोंगा काठाला लावला, एकटी खडकावर चढली आणि पाण्याकडे बराच वेळ बघत उभी राहिली. गुणवंतराव मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणाले, की मंगरू असता तर आपण एव्हाना पलीकडे असतो. उमाजी बांबूकडे बघत होता आणि आपला उजवा हात डाव्या हातानं धरून होता.

ती खाली आली ती सरळ काकूंपुढं येऊन उभी राहिली.

"काकू, बाबाजवळ खांदा होता. मले तुमचा पाटा द्या."

दोराला बांधून तो मागून तळाला सोडायचा, म्हणजे तो घसटत येईल आणि डोंग्याची शेपटी फिरणार नाही, असं तिनं समजावलं. ढिवराच्या हातात गेलेला पाटा काकूंच्या कामाचा राहणार नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेवढ्यात चैतू दोर न् जाळं घेऊन आला. नुसत्या दोरातून दगड निसटतो, जाळ्यात घालू म्हणाला.

"माशाच्या जाळ्यात?" काकू म्हणाल्या.

चैतू चार पावलं मागं सरला. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मंडळीत पोथी वाचणारी मीच. त्यांनी विचारलं, शास्त्र काय सांगते, मास्तरीनबाई? शास्त्र मला कुठलं ठाऊक. जे मनात आलं ते बोलले.

"गंगेतून निघालेल्या गोट्याची आपण पूजा करतो, काकू."

काकूंनी डोळे मिटले. ओठ हलत होते, देवाचं नाव घेत असाव्यात. मग म्हणाल्या, "पाटा ने. वरवंटा नाई देत."

कुंतानं सगळ्यांच्या जागा बदलल्या. पाटलांना तिनं मधात बसा म्हटलं आणि ते उठून मधात बसले. तळ्याकाठी शिकलेल्या गाठीनं चैतूनं पाटा जाळ्यात आवळला आणि मागून सोडला. पाण्यानं आम्हाला ओढलं. सासूचा खडक माझ्या हाताला लागेल इतक्या जवळून गेला. डोंग्याची शेपटी डावीकडे जायला निघे, तेवढ्यात दोर ताणला जाई आणि ती जागेवर येई. कुंता तोंड घट्ट मिटून बांबूनं पुढचं टोक राखत होती. तळातून दगडावर दगड घासल्याचा आवाज येत होता, घर्र, घर्र.

"गंगामाय चटणी वाटून राह्यली," भागीरथाकाकू म्हणाल्या.

आधी उमाजी हसला, मग सगळे. हसता हसताच आम्ही पलीकडच्या संथ पाण्यात आलो. कुंता मटकन खाली बसली. तिनं दोन्ही हात पदरात घेतले.

मार्कंड्याला आम्ही दिवेलागणीला पोचलो, आंघोळी केल्या, देवापुढं त्रिपुरवात लावली. पणत्यांच्या उजेडात कितीतरी गावची माणसं ओळखीची वाटत होती. काकूंनी पाटा नदीत पुन्हा पुन्हा धुतला, त्यावर मिरची-कोथिंबीर वाटली आणि पळसाच्या पानांवर चटणी सगळ्यांना वाढली, पहिल्यांदा कुंताला. चटणीला माशाचा वास होता की नव्हता, ते काकूंनाच ठाऊक. मी तर दोनदा मागून घेतली.

आम्ही बैलगाड्यांनी परतलो. कुंता आणि चैतू काठानं दोर ओढत डोंगे वर घेऊन आले. घाट कोणाचा, हे पाटलांनी वाटेत सांगितलं नाही, गावात आल्यावरही नाही. मार्गशीर्षात धान खळ्यावर आलं. कोणाच्या घरचं सूप कोणाकडे जाणार, हे कोणालाच कळेना, आणि पाटलांना विचारायचं धाडस कोण करणार?

मग एका बाजारच्या दिवशी सकाळी गुणवंतराव घाटावर आले. मी पैलतीरी जायला उभीच होते. उमाजी झोपडीपुढं उन्हात बसला होता, कुंता डोंग्यातलं पाणी उपसत होती. पाटलांनी वहाणा काढून हातात घेतल्या, धोतर जरा वर धरलं आणि ओल्या वाळूवरून दहा पावलं चालले. मग मागं वळून स्वतःच आपली पावलं पाहिली. चांगलीच खोल होती.

"कुठी बसू, कुंता?"

कुंतानं पावलांकडे पाहिलं. तिचे डोळे चमकले आणि तोंड उघडलं. आकडा तिच्या जिभेवर आला होता, हे मी शपथेवर सांगेन. तेवढ्यात झोपडीपुढून उमाजी खाकरला.

कुंतानं तोंड मिटलं आणि हातानं मधली जागा दाखवली.