मुर्राबीची शेवटची मॅच

नोरीन टास्कर आठवडाभर शाळेची बस चालवायची, पोरांशी मवाळपणे बोलायची. शनिवारी मात्र ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या मैदानाच्या कुंपणाला गाडी लावली आणि अंपायर दिसला, की बाई पेटलीच. आणि का पेटू नये? चेंडूवाल्याला पकडलं, त्याला संधी असून त्यानं चेंडू सोडला नाही, तर फ्री किक पकडणाऱ्याची. एवढा साधा नियम! पण त्याच अंपायरला एका बाजूचं दिसतं, दुसऱ्या बाजूचं दिसत नाही.

आज तर जिवावरचं होतं. पुढच्या हंगामात मुर्राबीचा क्लब टॅलोनाच्या क्लबात विलीन होणार होता. आज जिंकले तर पुढच्या शनिवारी आणखी एक मॅच, हरले तर क्लब आजच संपला. गावात खेळायला पोरंच उरली नव्हती. समोर टॅलोनाच, आणि आपला कप्तान नोरीनचा मुलगा डॅरल.

अर्ध्या वेळेआधी डॅरलला पकडलं, आणि लगेच शिट्टी: फ्री किक टॅलोनाला.

"अरे मेल्या, हात दाबून धरलेत त्याचे! चेंडू काय दातांनी सोडेल?" नोरीन किंचाळली.

"घसा जाईल गं," शेजारच्या गाडीतला म्हातारा मर्व्ह म्हणाला.

"जाऊ दे! पुढच्या शनिवारी कुणासाठी ओरडायचंय?"

शेवटचं मिनिट. मुर्राबी चार गुणांनी पुढे. डॅरलनं टॅलोनाच्या पोराला धरलं, गरागरा फिरवलं. पोरगा चेंडू छातीशी कवटाळून बसलेला. "बॉऽऽल!" सगळं कुंपण फ्री किक मागत ओरडलं. अंपायरनं हात हलवले: चालू द्या.

नोरीनचं डोकंच फिरलं. गाडीचा हॉर्न फक्त आपला गोल झाल्यावर वाजवायचा, ही इथली रीत. तिनं त्यावर तळवा दाबला तो उचललाच नाही. ऐकणाऱ्याला वाटावं, मॅच संपल्याचा भोंगाच.

डॅरलनं पोराला सोडलं आणि आनंदानं दोन्ही हात वर केले. पोरगा उठला, चार पावलं धावला आणि त्यानं गोल मारला. गोलचे सहा गुण, टॅलोना दोन गुणांनी पुढे. पाठोपाठ खरा भोंगा झाला.

"लुटलं लेकाच्यानं!" मर्व्ह अंपायरच्या नावानं बोटं मोडत होता. नोरीनचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

चिखलानं माखलेला डॅरल येऊन गाडीत आईशेजारी बसला.

"आई, हॉर्न कशाला वाजवलास गं?"

"त्या आंधळ्या अंपायरनं..."

"अंपायर गेला खड्ड्यात. मी धरला होता त्याला. सुटला नसता."