मशीनबरोबर हौसाला नेलं ती फेरी

मी आणि माझी बायको हौसा धरणाच्या काठावर करवंदं निवडत बसलो होतो. तिला ती ताम्हिणीला नेऊन विकायची होती. एक हिरवं करवंद तिनं मुद्दाम मला खायला दिलं. माझं तोंड वाकडं झालं तशी हसली. मग ती घरी गेली आणि मी इलेक्शनच्या ड्युटीवर.

मी मुळशी धरणात लाँच चालवायचो. आमचं गाव पाण्याच्या अल्याड, गाडीरस्ता पल्याड. म्हणून इलेक्शनला सरकार माझी लाँच ताब्यात घ्यायचं. माझ्या बापानं मतांच्या लोखंडी पेट्या होडी वल्हवत नेल्या, माझ्या वेळी मतांचं मशीन आलं. आमचा लोकसभेचा मतदारसंघ लई लांबलचक, सगळा खेड्यापाड्यांचा. उमेदवार आम्ही भिंतीवरच्या कागदातच बघितले. त्या मतदारसंघाचं हे शेवटचं मतदान, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं.

दुपार कलली आणि माझा चुलतभाऊ पळत आला. हौसाच्या छातीत दुखतंय, घाम फुटलाय म्हणाला. चौघांनी तिला झोळीतून काठावर आणलं. दवाखाना पल्याड. मी केंद्राध्यक्षाकडं गेलो, म्हणजे बूथचा मोठा साहेब. पुण्याचा शाळामास्तर, पहिलीच वेळ.

“साहेब, बायकोला सोडून येतो.”

“मशीन घेतल्याशिवाय लाँच हलवायची नाही, अशी ऑर्डर आहे. वाऱ्यानं तुम्ही तिकडंच अडकलात तर मी काय करू? मतदान संपतच आलंय. सगळे एकदमच जाऊ.”

तो डोंगराकडं बघत होता. डोंगरावर वळवाचे ढग चढलेले. एकदा गेलो तर परत येणं जमायचं न्हाई, हे मलाही दिसत होतं.

“मग लवकर आवरा,” मी म्हणालो.

पण ते आवरणं लवकर होत न्हाई. मशीन पेटीत घालायचं, दोरा बांधायचा, गाठीवर लाख वितळवून शिक्का मारायचा. पत्र्याखालून वारा शिरायचा आणि मेणबत्ती विझायची. साहेब काडी ओढायचा, पुन्हा विझायची. मी काठावर जाऊन हौसाचा श्वास बघायचो, परत दारात यायचो. शेवटी दोन पक्षांचे दोन एजंट मेणबत्तीभोवती एक टॉवेल धरून उभे राहिले. “युती झाली बघा आपली,” एक म्हणाला. कुणी हसलं न्हाई.

लाँच सुटली तेव्हा पाणी उसळत होतं. बूथवरच्या पोलिसानं मशीन मांडीत धरलेलं, हौसा खाली फळ्यांवर. लाट आत आली की इंजिन ठसकायचं. पाण्याची भीती मला कधी शिवली नव्हती. त्या दिवशी शिवली. समोर बघायचं सोडून मी तिची छाती हलतीय का ते बघत होतो.

“अवो, दमानं घ्या,” हौसा म्हणाली. “मास्तर घाबरल्यात.”

त्यानंतर ती बोलली न्हाई.

पल्याड मशीनसाठी जीप उभी होती. बाहेरचं माणूस चालणार न्हाई, असं ड्रायव्हर म्हणाला. तेव्हा मास्तर पहिल्यांदा ओरडला, “आधी बाईंना घे. मशीन माझ्या मांडीवर.”

दवाखान्यात डॉक्टरनं तपासलं आणि आधी का आणलं न्हाई, असं विचारलं. हौसा गेली होती. जीपमध्ये बाहेरचं माणूस घेतलं म्हणून मास्तरला पुढं नोटीस आली.

काही वर्षांनी मतदारसंघच मोडला, आमचा तालुका दुसरीकडं जोडला. त्या वेळी कोण निवडून आलं, ते आज गावात चार जणांना विचारा, चौघं वेगळी नावं सांगतील. इलेक्शनची ऑर्डर काढणाऱ्यांना माझं एकच सांगणं हाय. मशीनला एक लाँच लावा आणि माणसांना दुसरी.

त्या रात्री वारा पडल्यावर त्याच लाँचनं हौसाला गावी आणलं आणि अग्नी दिला. पल्याडचे पाहुणे मातीला आले होते. त्यांना परत जायचं होतं आणि लाँच चालवणारा दुसरा कुणी न्हाई. सकाळी मी इंजिन चालू केलं आणि सगळ्यांना सोडून आलो. येताना एकटाच होतो.